ख्रिश्चन सॉफ्ट रॉक ऐकायला सुरुवात कशी करायची? रेकॉर्डचं कव्हर उलटं करा!

ठाण्याहून फोर्टला कामाला जायचो तेव्हा डी. एन. रोडच्या फुटपाथवर जुन्या रेकॉर्ड्स चाळायची सवय लागली होती, तिथे एकदा हिरव्या कव्हरवर फ्लेमिंगो असलेली एक एलपी हाताला लागली, ख्रिस्तोफर क्रॉसची. 'सेलिंग' हे गाणं माहीत होतं म्हणून घेतली. घरी येऊन रेकॉर्ड लावली आणि ती वाजत असताना कव्हर उलटं करून मागचा बारीक टाइप वाचत बसलो, प्रोड्यूसर कोण, पियानोवर कोण, कोरसला कोण. तिथे एक नाव दिसलं, मायकल ओमार्टियन. हा कोण म्हणून शोधायला गेलो आणि एक अख्खं दालन उघडलं ज्याचा मला पत्ताच नव्हता, म्हणजे तसाच गुळगुळीत, मऊ, समुद्रावरच्या वाऱ्यासारखा साऊंड पण गाण्यात येशू, प्रार्थना, क्षमा, घरी परत येणं.

आता बरीच वर्षं झाली ऐकतोय. कोणी विचारलं की कुठून सुरू करू, तर मी जे सांगतो ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतो. तुम्ही ख्रिश्चन असाल तर छान, नसाल तरी काही अडत नाही, मी पण नाहीये. कान उघडा पाहिजे आणि थोडा धीर पाहिजे, बस.

आधी हे म्हणजे नक्की काय ते समजून घ्या

ख्रिश्चन संगीत म्हटलं की आपल्याकडे लोकांना दोन गोष्टी आठवतात, एकतर चर्चमधला ऑर्गन आणि क्वायर, नाहीतर आजकालचं वर्शिप, म्हणजे स्टेजवर बँड आणि हात वर करून गाणारी गर्दी. आपण ज्याबद्दल बोलतोय ते या दोघांच्या मधलं आहे आणि त्याचा काळ साधारण 1974 ते 1991 असा धरा. जागा अमेरिकेतल्या दोनच, कॅलिफोर्निया आणि नॅशव्हिल. कॅलिफोर्नियातून साऊंड आला आणि नॅशव्हिलमधून त्याचा सगळ्यात मोठा आवाज आला.

सुरुवात झाली ती हिप्पी पोरांपासून. साठचं दशक संपत होतं तेव्हा कॅलिफोर्नियात हजारो लांब केसवाली मुलं ड्रग्ज सोडून येशूकडे वळायला लागली, त्याला जीझस मुव्हमेंट म्हणतात. कोस्टा मेसा गावात कॅल्व्हरी चॅपल नावाचं चर्च होतं, तिथले पास्टर चक स्मिथ यांनी या पोरांना केस कापून या असं काही सांगितलं नाही, आहे तसं आत घेतलं, गिटारसकट. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर एका वेळी शेकडो जणांचा बाप्तिस्मा व्हायचा. याच चर्चमधून 1971 ला मारानाथा म्युझिक सुरू झालं आणि तिथला बँड 'लव्ह साँग' याचा पहिला अल्बम 1972 ला आला. त्यातला गायक चक जिरार्ड आधी सर्फ म्युझिक गायचा, त्यामुळे त्यांच्या हार्मनीत समुद्रकिनारा आपोआपच आहे. पण तो साऊंड अजून कच्चा, घरगुती आहे, अकूस्टिक गिटार आणि गोड कोरस इतकंच. आपल्याला हवा असलेला गुळगुळीतपणा थोडा नंतर आला, जेव्हा लॉस एंजेलिसचे सेशन वाजवणारे, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर वाजवणारे लोक यात शिरले.

याला नावं बरीच आहेत. कोणी वेस्ट कोस्ट म्हणतं, कोणी एओआर (अडल्ट ओरिएंटेड रॉक), आणि 2005 मध्ये इंटरनेटवर आलेल्या एका मालिकेपासून या सगळ्या गुळगुळीत सॉफ्ट रॉकला यॉट रॉक म्हणायची पद्धत पडली. ख्रिश्चन बाजूला सीसीएम (कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक) हे नाव चालतं पण त्यात सगळंच येतं, त्यामुळे नुसतं सीसीएम सर्च करू नका, बुडून जाल.

पहिली पायरी : कान तयार करा

हे गाण्याचे बोल बाजूला ठेवून करायचं. घरात पेटी असेल किंवा मुलांचा कॅसिओ असेल तर तो घ्या. सा, ग, प एकत्र वाजवा. हा साधा मेजर कॉर्ड, स्वच्छ आणि सरळ, बालवाडीतल्या गाण्यासारखा. आता त्यातच शुद्ध नी घाला आणि चारही स्वर धरून ठेवा. ऐकलंत काय झालं? त्या नीमुळे एक हुरहूर येते, कॉर्ड आनंदी पण आहे आणि काहीतरी राहून गेल्यासारखा पण आहे. याला मेजर सेव्हन्थ म्हणतात आणि सत्तरीतल्या सॉफ्ट रॉकचा अर्धा जीव या एका नी मध्ये आहे. मला तर कायम वाटतं की भक्तीच्या गाण्याला हा कॉर्ड इतका का जमला याचं कारणही तेच, मिळालंय पण अजून ओढ आहे.

दुसरी गोष्ट ओळखायची ती फेंडर ऱ्होड्स, म्हणजे इलेक्ट्रिक पियानो. त्याचा आवाज घंटेसारखा सुरू होतो आणि लगेच मऊ होतो, देवळातली छोटी घंटा कापडात गुंडाळून वाजवली तर कसं होईल तसं काहीसं. तिसरी गोष्ट कोरस. मुख्य गायकाच्या मागे तीनचार आवाज हवेसारखे येतात आणि जातात, ओरडत कोणीच नाही. आणि चौथी, ड्रमर. तो घाई करत नाही. ठेका अगदी घट्ट पण अंगावर येत नाही.

या चार गोष्टी डोक्यात ठेवून 'सेलिंग' तीन वेळा ऐका, पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा फक्त कीबोर्ड आणि स्ट्रिंग्जकडे लक्ष देऊन, तिसऱ्यांदा फक्त मागचे आवाज. हे ख्रिश्चन गाणं नाहीये, पण तुमचं दार हेच आहे, का ते पुढे.

दुसरी पायरी : कव्हर उलटं करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि मी इथे जरा थांबणार आहे.

ख्रिस्तोफर क्रॉसचा तो पहिला अल्बम 1979 च्या शेवटी आला आणि 1981 च्या ग्रॅमीमध्ये चारही मोठी बक्षिसं एका रात्रीत घेऊन गेला, अल्बम, रेकॉर्ड, साँग आणि नवा कलाकार. पुन्हा असं व्हायला 2020 उजाडलं, बिली आयलिश आली तेव्हा. त्या अल्बमचा प्रोड्यूसर मायकल ओमार्टियन. हा माणूस स्टीली डॅन या जॅझकडे झुकणाऱ्या रॉक बँडच्या 'एजा' अल्बमवर पियानो वाजवलेला, 1976 मध्ये एका टीव्ही मालिकेच्या डिस्को थीमने अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेल्या र्‍हिदम हेरिटेज या ग्रुपचा अर्धा भाग. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये ज्याला बोलावल्याशिवाय काम होत नाही असा माणूस. आणि हाच माणूस मनापासून श्रद्धावान ख्रिश्चन.

1974 मध्ये त्याने स्वतःच्या नावाने 'व्हाइट हॉर्स' नावाचा अल्बम काढला, आणि तोही चर्चच्या लेबलवर नाही तर डनहिल या साध्या कमर्शियल लेबलवर. पांढरा घोडा म्हणजे पवित्र शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, आकाश उघडतं आणि पांढऱ्या घोड्यावर बसून जो येतो तो. विषय एवढा जड आणि वाजवणं मात्र स्टीली डॅनच्या तोडीचं, फंकी पियानो, वळणदार कॉर्ड्स. लोकांना तेव्हा काय करावं कळलं नसणार असं मला वाटतं, ज्यांना धर्म हवा होता त्यांना संगीत फार शहरी आणि ज्यांना संगीत हवं होतं त्यांना बोल फार थेट. त्यानंतर 'अ‍ॅडम अगेन' आला, तो जरा जास्त मऊ आहे. माझा सल्ला असा की 'अ‍ॅडम अगेन' आधी ऐका आणि मग 'व्हाइट हॉर्स'कडे जा. त्याची बायको स्टॉर्मी ओमार्टियन, तीही गायिका, दोघं मिळून गाणी लिहायची, पुढे तिची प्रार्थनेवरची पुस्तकं लाखोंनी खपली.

कव्हर उलटं का करायचं ते आता लक्षात आलं असेल. या संगीताचं वर्गीकरण दुकानात वेगळं होतं पण स्टुडिओत वेगळं नव्हतं. तेच लोक सकाळी पॉप अल्बमवर वाजवायचे आणि संध्याकाळी ख्रिश्चन अल्बमवर. आज ऑनलाईन हे फारच सोपं झालंय, डिस्कॉग्स या रेकॉर्ड्सची माहिती देणाऱ्या साइटवर अल्बमचं पान उघडा, खाली क्रेडिट्समध्ये प्रत्येक नावावर क्लिक करता येतं, त्या माणसाने आणखी कुठे वाजवलंय ती सगळी यादी येते. कलाकाराचं नाव धरून फिरलात तर एका गल्लीत फिराल, वाजवणाऱ्याचं नाव धरून फिरलात तर गाव कळेल.

तिसरी पायरी : ओळखीच्या आवाजांचा हात धरा

नवीन माणसाला एकदम अनोळखी नावं दिली की तो कंटाळतो, म्हणून आधी असे आवाज घ्या जे आधीच कानावरून गेलेत.

बी. जे. थॉमस. 'रेनड्रॉप्स कीप फॉलिन ऑन माय हेड' हे गाणं माहीत नाही असा इंग्रजी गाणी ऐकणारा माणूस विरळा, 1970 च्या सुरुवातीला ते पहिल्या नंबरवर होतं. त्यानंतर हा माणूस ड्रग्जमध्ये पार खचला. 1976 च्या सुरुवातीला त्याचं परिवर्तन झालं आणि त्याच वर्षी 'होम व्हेअर आय बिलाँग' हा अल्बम आला, मिर या ख्रिश्चन लेबलवर, प्रोड्यूसर ख्रिस ख्रिश्चन. (हे नाव खरंच असं आहे आणि पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.) या अल्बमवरचा त्याचा आवाज ऐका, जुनाच आहे पण त्यातली घाई गेलेली आहे. कंट्रीकडे झुकतो थोडा, तरी सुरुवातीला बेस्ट.

डॅन पीक. 'अमेरिका' या बँडच्या तिघांपैकी एक, 'लोनली पीपल' हे त्याने बायकोसोबत लिहिलेलं गाणं. 1977 ला त्याने बँड सोडला, श्रद्धेकडे परत वळला आणि 'ऑल थिंग्ज आर पॉसिबल' काढला, तो लँब अँड लायन नावाच्या लेबलवर, जे गायक पॅट बून यांचं होतं. प्रोड्यूसर पुन्हा ख्रिस ख्रिश्चन. टायटल गाणं ख्रिश्चन रेडिओवर तर चाललंच पण 1979 मध्ये साध्या अडल्ट कंटेम्पररी, म्हणजे मऊ पॉप लावणाऱ्या रेडिओवरही वर गेलं. ज्याला 'अमेरिका'ची ती अकूस्टिक गिटार आणि मऊ हार्मनी आवडते त्याला इथे काही नवीन शिकायची गरजच नाही, तोच गोडवा आहे, फक्त आता गाणं कुणाला उद्देशून आहे ते बदललंय. मी तर कित्येकांना न सांगता हे गाणं लावून दिलंय आणि त्यांनी 'अमेरिकाचं कुठलं गाणं रे हे' असंच विचारलंय.

आणि क्लिफ रिचर्ड. आपल्या आईवडिलांच्या पिढीचा लाडका, जन्म लखनौचा, 1940, कुटुंब 1948 ला इंग्लंडला गेलं. 1966 मध्ये लंडनला बिली ग्रॅहम या अमेरिकन धर्मप्रचारकाच्या सभेत त्याने आपली श्रद्धा जाहीर केली आणि सगळ्यांना वाटलं आता हा गाणं सोडणार. सोडलं नाही. 1978 चा 'स्मॉल कॉर्नर्स' हा त्याचा गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तीगीतांचा अल्बम ऐका, लगेच पुढच्या वर्षी 'वी डोन्ट टॉक एनिमोअर' सारखं पॉप गाणं त्याच माणसाने गायलंय. शेजारच्या आंटींकडे क्लिफच्या कॅसेट होत्या, त्यांच्यासाठी तो आधी भक्त होता आणि मग पॉपस्टार, आमच्याकडे उलटं.

डोना समरचं नाव इथे बघून दचकू नका. डिस्कोची राणी, पण 1980 च्या 'द वाँडरर' अल्बमच्या शेवटी 'आय बिलीव्ह इन जीझस' आहे. तिचा 1983 चा मोठा हिट अल्बम कोणी केला? मायकल ओमार्टियनने. त्यावरच्या 'ही इज अ रेबेल' या गाण्याला आणि नंतरच्या 'फर्गिव्ह मी' ला ग्रॅमीत इन्स्पिरेशनल विभागाचं बक्षीस मिळालं. परत कव्हर उलटं करा, परत तेच नाव.

चौथी पायरी : 'तू' म्हणजे कोण?

इथे बरेच नवीन ऐकणारे अडखळतात. गाणं लव्ह साँग आहे की प्रार्थना तेच कळत नाही. 1977 मध्ये डेबी बून, म्हणजे त्याच पॅट बूनची मुलगी, हिचं 'यू लाइट अप माय लाइफ' अमेरिकेत सलग दहा आठवडे पहिल्या नंबरवर होतं. लिहिणाऱ्याने ते प्रेमगीत म्हणूनच लिहिलं होतं, पण डेबी बूनने सांगितलं की मी ते देवाला उद्देशून गाते. एक शब्दही बदललेला नाही, फक्त 'तू' बदलला.

आपल्याला हे समजायला कशाला अवघड जावं? विठ्ठलाला अरे म्हणणारी, माउली म्हणणारी, त्याच्याशी भांडणारी परंपरा आपली. आणि मराठीत ख्रिस्ताला याच भाषेत हाक मारणारे कवी पण आपल्याकडे होऊन गेलेत, रेव्हरंड ना. वा. टिळक, 1895 ला बाप्तिस्मा घेतला आणि मग अभंगाच्या चालीत ख्रिस्तभजनं लिहिली, जी अजूनही मराठी चर्चमध्ये पेटी तबल्यावर गातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते म्हणायचे. मला वाटतं कॅलिफोर्नियातल्या या लोकांनी तेच केलं, त्यांच्या गावातली जी चाल होती ती घेतली, त्यांच्याकडे ओवी नव्हती, ऱ्होड्स होता.

बोल समजायला एक सोपी युक्ती आहे. गाण्यात पाणी, दिवा, वाट, घर, वादळ, खडक हे शब्द आले की ते बहुतेक पवित्र शास्त्रातून आलेले असतात. मराठी शास्त्र मोबाईलवर फुकट मिळतं, ते उघडून ठेवा. उदाहरणार्थ एमी ग्रँटचं 'दाय वर्ड' हे गाणं 1984 चं, चाल मायकल डब्ल्यू. स्मिथची, त्याचं धृपद सरळ स्तोत्र 119 मधलं 105 वं वचन आहे, तुझं वचन माझ्या पावलांसाठी दिवा आहे. मराठीत ते वचन वाचा आणि मग गाणं ऐका, अंधारात टॉर्च पायाजवळ धरून चालतो ना आपण, दोन पावलांपुरताच उजेड, तेवढंच त्या गाण्यात आहे.

पाचवी पायरी : एमी ग्रँट, तीन अल्बममध्ये

आता मुख्य माणसाकडे. एमी ग्रँट, जन्म 1960, वाढली नॅशव्हिलमध्ये. शाळेत असताना एका स्टुडिओत बारीकसारीक कामं करायची आणि आईवडिलांना द्यायला म्हणून स्वतःची गाणी टेप केली. ती टेप ख्रिस ख्रिश्चनने, हो, तोच, वर्ड रेकॉर्ड्स या ख्रिश्चन रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना फोनवरून ऐकवली. सोळा पूर्ण व्हायच्या आत हिचं काँट्रॅक्ट झालं आणि 1977 ला पहिला अल्बम आला.

सगळे अल्बम क्रमाने ऐकायची गरज नाही. हे तीन घ्या.

पहिला, 'माय फादर्स आइज', 1979. अजून कोवळा आवाज, अकूस्टिक गिटार, एखाद्या कॉलेजच्या मुलीने होस्टेलच्या जिन्यात बसून गावं तसा. हा रविवारी सकाळचा अल्बम आहे.

दुसरा, 'एज टू एज', 1982. हा ऐकायलाच हवा. एकट्या कलाकाराच्या ख्रिश्चन अल्बमला गोल्ड (मोठ्या खपाचा मान) मिळालं ते पहिल्यांदा यालाच, पुढे प्लॅटिनम पण. यावरचं 'एल शद्दाय' हे गाणं मायकल कार्ड आणि जॉन थॉम्पसन यांनी लिहिलेलं आहे. एल शद्दाय हे हिब्रू नाव, मराठी शास्त्रात तिथे सर्वसमर्थ असं येतं. हेडफोन लावून ऐका. गाणं अगदी हळू उघडतं, एमीचा आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि धृपदात ती इंग्रजी सोडून हिब्रूत जाते. तिथे एक गंमत होते, अर्थ कळत नाही आणि तरीही आवाज पोचतो, लहानपणी आजी संस्कृत स्तोत्र म्हणायची तेव्हा आपल्याला काय कळायचं, पण झोप लागायची. बरेच गायक हे गाणं वरच्या पट्टीत ओढतात, एमी ओढत नाही, म्हणून ते तिचं झालं.

तिसरा, 'हार्ट इन मोशन', 1991. इथे बरेच जुने चाहते नाराज झाले कारण 'बेबी बेबी' पॉपच्या पहिल्या नंबरवर गेलं आणि व्हिडिओत एक पुरुष दिसला. खरं म्हणजे ते गाणं तिला सुचलं ते तिच्या तान्ह्या मुलीकडे बघून. पण मी तुम्हाला 'बेबी बेबी' साठी हा अल्बम सांगत नाहीये, 'दॅट्स व्हॉट लव्ह इज फॉर' साठी सांगतोय. ते आधी ऐका, कव्हर सगळ्यात शेवटी उलटं करा.

यातच मायकल डब्ल्यू. स्मिथ पण येऊन जातो, तो आधी एमीच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. त्याचं 'फ्रेंड्स' अमेरिकेत शाळाकॉलेजच्या निरोप समारंभात इतकं वाजलं की विचारू नका. मला स्वतःला त्याचं 1991 चं 'प्लेस इन धिस वर्ल्ड' जास्त जवळचं वाटतं, माझी जागा कुठे हा प्रश्न आहे त्यात आणि उत्तराची घाई नाही.

सहावी पायरी : वाजवणाऱ्यांकडे वळा

ज्यांना गिटार, बास, ब्रास आवडतं त्यांच्यासाठी ही पायरी, बाकीच्यांनी नंतर आलात तरी चालेल.

सीविंड हा बँड होनोलुलूचा, हवाईचा. गायिका पॉलीन विल्सन, ड्रमर बॉब विल्सन. जॅझच्या सीटीआय लेबलवर त्यांचा पहिला अल्बम 1976 ला आला आणि त्यात 'ही लव्हज यू' सारखं उघड श्रद्धेचं गाणं आहे, पण क्लबमध्ये वाजेल इतकं तालदार. यांच्या ब्रास सेक्शनचं पुढे काय झालं माहितीये? ट्रम्पेट वाजवणारा जेरी हे (Jerry Hey) आणि त्याचे साथीदार मायकल जॅक्सनच्या 'ऑफ द वॉल' आणि 'थ्रिलर' वर वाजवले. म्हणजे तुम्ही ते ट्रम्पेट आयुष्यभर ऐकलेत, फक्त ते येशूच्या गाण्यावरही वाजायचे हे माहीत नव्हतं.

कोइनोनिया हा सेशनवाल्यांचा बँड. बासवर मेक्सिकोचा अब्राहम लाबोरिएल, परकशनवर पेरूचा अलेक्स अकुन्या जो वेदर रिपोर्ट या जॅझ बँडच्या 'हेवी वेदर' वर होता, ड्रम्सवर बिल मॅक्सवेल. 1983 चा 'मोअर दॅन अ फीलिन' घ्या. बऱ्याच ठिकाणी शब्दच नाहीत, आणि तरी बँडचं नाव ग्रीक, अर्थ सहभागिता. लाबोरिएल बास वाजवताना अक्षरशः नाचतो, व्हिडिओ मिळाला तर बघाच.

फिल केगीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चार वर्षांचा असताना पाण्याच्या पंपात सापडून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. त्याच हाताने तो तार छेडतो. 1976 चा 'लव्ह ब्रोक थ्रू' लावा आणि हे लक्षात ठेवून ऐका.

लिऑन पटिलो पूर्वी सँटाना या रॉक बँडमध्ये गायचा, नंतर मारानाथावर 'डान्स चिल्ड्रन डान्स' काढला, नाव तसाच ठेका. आणि ब्रूस हिबर्डचा 'नेव्हर टर्निन बॅक', हा मात्र शोधून काढावा लागेल, या प्रकारातल्या वेड्या लोकांचा जीव त्यात अडकलेला असतो, माझाही.

शोधताना लागणाऱ्या ठेचा

या मी सगळ्या खाल्ल्यात म्हणून तुम्हाला सांगतो. 'लव्ह साँग' असं सर्च केलं तर जगातली सगळी प्रेमगीतं येतात, सोबत चक जिरार्ड टाका. 'कोइनोनिया' नावाची चर्चेस आणि ग्रुप ढीगभर आहेत, सोबत लाबोरिएल टाका. 'अ‍ॅडम अगेन' टाकलं की नंतरचा एक रॉक बँड येतो ज्याने हेच नाव घेतलं, तिथे ओमार्टियन टाकायला विसरू नका. ख्रिस ख्रिश्चन टाकलं तर अ‍ॅपला वाटतं तुम्हाला कॅटेगरी हवीये, सोबत त्याचा 1981 चा हिट 'आय वाँट यू आय नीड यू' टाका.

जुन्या रेकॉर्ड्स चाळताना लेबल बघा. मिर, स्पॅरो, मारानाथा, लँब अँड लायन, ही चार नावं दिसली की हातात घ्या. मिर हे टेक्ससच्या वेको गावातल्या वर्ड कंपनीचं लेबल. त्या काळी या रेकॉर्ड्स जास्त करून ख्रिश्चन पुस्तकांच्या दुकानात विकल्या जायच्या, साध्या रेकॉर्डच्या दुकानात पोचायच्याच नाहीत, त्यामुळेच इतकं चांगलं वाजवलेलं संगीत बाहेरच्या लोकांच्या कानावर पडलं नाही. 1985 मध्ये वर्डने ए अँड एम या मोठ्या पॉप लेबलसोबत करार केला तेव्हा कुठे एमीच्या रेकॉर्ड्स सगळीकडे दिसायला लागल्या. अजून एक, स्ट्रीमिंगवर काही जुन्या गाण्यांची नंतर परत रेकॉर्ड केलेली व्हर्जन्स असतात, वर्ष बघून घ्या, ड्रम्सचा आवाज डब्यासारखा मोठा आला की समजा चुकीचं लावलंय.

आणि सगळंच मऊ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. कीथ ग्रीन याच वर्तुळातला, त्याच बिल मॅक्सवेलने त्याचे अल्बम केले, पण तो पियानो बडवतो आणि ऐकणाऱ्याला थेट विचारतो, तू जगतोस कसा? 1980 चा त्याचा अल्बम लोकांनी परवडेल तेवढे पैसे देऊन न्यावा असं त्याने ठरवलं, पैसे नसतील तर फुकट. त्यातल्या एका गाण्यावर बॉब डिलनने माउथ ऑर्गन वाजवलाय. 28 जुलै 1982 ला टेक्ससमध्ये छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला, दोन लहान मुलं सोबत होती, एकूण बारा जण. वय 28. त्याचा 1977 चा पहिला अल्बम मी वर्षातून एकदोनदाच लावतो, लावला की दुसरं काही काम होत नाही. नवीन असाल तर त्याला महिनाभर थांबवा, पण सोडू नका.

पहिल्या आठवड्याचा क्रम

दोन दिवस नुसतं 'सेलिंग' आणि पेटीवरचा तो नी. मग डॅन पीक, मग बी. जे. थॉमस. शुक्रवारी रात्री 'एज टू एज' पूर्ण, मध्ये न थांबता, मोबाईल लांब ठेवून. शनिवारी 'अ‍ॅडम अगेन' आणि जमलं तर सीविंड. रविवारी 'दॅट्स व्हॉट लव्ह इज फॉर' लावा, दिवा बारीक करा, मागचे आवाज कसे येतात जातात ते बघा, कीबोर्ड कसा जागा सोडतो ते बघा, आणि गाणं संपलं की डिस्कॉग्सवर जाऊन त्या एका गाण्याचा प्रोड्यूसर कोण ते वाचा. मायकल ओमार्टियन.